भोंग्यावरून दिलेली मशीन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी आजही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. गाव इस्लामपूरच्या पलीकडं, उसाचं. वडील मिलिटरीत, आई रानात, थोरली बहीण सातवी होऊन घरी बसलेली. मी सांगलीला खोली घेऊन राहिलो, हातानं भाकरी थापल्या आणि बी.ए. झालो. पुढं साताऱ्यात हायस्कुलावर मास्तर लागलो. पण या अभिमानापायी माझ्या हातून बहिणीची एक वस्तू गेली, आणि ती परत मिळवायला आम्ही दोन वर्षं तासगावच्या कोर्टाचे खेटे घातले. ते सांगायचं राहून गेलंय.

वस्तू म्हणजे शिलाई मशीन. पायानं चालवायची. वडील पेन्शनीत निघाले तेव्हा पंजाबातून लाकडी खोक्यात बांधून, मिरजेपर्यंत रेल्वेनं आणि पुढं ट्रकच्या टपावरून त्यांनी ती आणली. पावती कुठं गेली ते त्यांनाही आठवत नव्हतं. खोकं सोप्यात फोडलं आणि म्हणाले, "ही आक्काची. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

आक्कानं इस्लामपुरात जाऊन बेतायला शिकून घेतलं. सहा महिन्यांत निम्म्या आळीच्या चोळ्या आणि पोरांच्या चड्ड्या तिच्याकडं यायला लागल्या. सुट्टीत सकाळी मी पुस्तक घेऊन बसलो की पलीकडं तिचा पाय सुरू व्हायचा. मी म्हणायचो, "आक्का, जरा थांब की, ध्यान लागंना." ती म्हणायची, "तू वाच मोठ्यानं. बघू कोण दमतंय."

वडील पुढच्याच वर्षी गेले. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घरातला कर्ता पुरुष मीच. सासर तासगावच्या बाजूचं, द्राक्षबागवाले. लग्न आमच्या दारात.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती उठल्या की आहेर पुकारायचा. मांडवात भोंगा लावलेला असतो. मामाकडून काय, चुलत्याकडून काय, मुलीला काय दिलं, जावयाला काय दिलं, सगळं माईकवरून सांगायचं. साऱ्या गावानं ऐकलं म्हणजे ते दिलं. जो पुकारतो तोच वहीत लिहितो आणि शेवटी त्याची एक नक्कल व्याह्यांच्या हातात देतो. त्या दिवशी माईक माझ्याकडं होता. दुसऱ्या कुणाकडं असणार? कॉलेजवाला मी एकटाच.

पण नवऱ्याकडच्या मंडळींनीही आपला एक पदवीधर आणला होता. त्यांच्या बाजूचा आहेर त्यानं असा काही पुकारला, की साधं लुगडं सांगतानाही 'सप्रेम भेट' आणि 'शुभाशीर्वादपूर्वक' असले शब्द पेरले. मांडव गप्प होऊन ऐकत होता. मला घाम फुटला. आमची पाळी आली. मी हंडा सांगितला, घागर सांगितली, ताटं सांगितली, हे सगळं 'मुलीस' म्हणून. आवाज लागेना. तेवढ्यात आई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आन् आक्काची मिशन तिच्यासंगं चाललीया, तेवडं सांग."

आक्काची मिशन तिच्यासंगं चाललीया. एवढंच सांगायचं होतं. मला ते फार बारकं वाटलं. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, "वधूपक्षाकडून जावईबापूंस शिलाई मशीन एक, सप्रेम समर्पण." भोंग्यातून ते पार ओढ्यापर्यंत गेलं असेल. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. चुलत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकल्यालं बोलनं येगळंच असतंय, गड्या." मी वहीत तसंच लिहिलं, वळणदार अक्षरात. नकलेवर खाली सही केली, आणि सहीपुढं बी.ए. लिहिलं. परीक्षा अजून व्हायची होती.

आक्का मांडवात मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, कौतुकानं.

तिचं नांदणं तीन वर्षांत मोडलं. त्याची कारणं मी सांगत बसत नाही. चूक सगळी एका बाजूची होती असं म्हणायला मी तिथं राहिलो नव्हतो. ती नेसत्या लुगड्यानिशी माघारी आली. पाचव्या दिवशी म्हणाली, "भांडी ऱ्हाऊ देत त्यांची त्यास्नी. माजी मिशन आणून दे."

मी गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. मग आत जाऊन ती नक्कल आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मास्तर, अक्षर कुणाचं हाय?"

"माझं."

"मग मिशन कुणाची?"

त्यांच्या आई आतून म्हणाल्या, "दिल्यालं दान मागं मागत्यात व्हय रं, शिकल्याली मानसं?" त्यांच्या मागं सोप्यात मशीन दिसत होती. तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलेलं होतं.

इस्लामपूरच्या वकिलांनी सांगितलं, फिर्याद करा. केली. पोलिसांनी पंचनामा केला आणि मशीन ताब्यात घेतली. आम्हाला वाटलं, झालं काम. पण दाजींनीही अर्ज दिला की वस्तू माझी, मला परत मिळावी. मग ठरेपर्यंत मशीन कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडली. चोरीच्या सायकली, कुऱ्हाडी, कुणाचं पंपाचं इंजिन, आणि त्यांच्यात आमची मशीन. चाकाला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नंबर.

त्यानंतरची दोन वर्षं मला एका जागी नीट बसवलं नाही. साताऱ्याहून पहाटेची एस.टी. धरायची, कराडला बदलायची, विट्यावरून तासगाव. गावाकडून आई आणि आक्का यायच्या. पुकारा व्हायचा, पुढची तारीख पडायची. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी त्यांचा वकील सांगलीला. हेडमास्तर म्हणायचे, "तुमच्या किरकोळ रजा किरकोळ राहिल्या नाहीत हो." वर्गात शिकवताना माझं लक्ष खिडकीबाहेर. मुलांच्या वहीत 'दिले' हा शब्द दिसला की माझं लाल पेन तिथंच अडायचं.

आक्काचं निराळंच. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली की तिचा उजवा पाय हलायला लागायचा. टाच वर, टाच खाली. आई म्हणायची, "आगं, पाय हालवू नगं, चांगलं नसतंय." ती थांबायची. थोड्या वेळानं परत सुरू. गावात दुसऱ्या एकीनं मशीन घेतली होती आणि आक्काच्या बायका तिकडं जायला लागल्या होत्या. आक्का हातानं शिवत होती, पण हातशिलाईची चोळी किती निघणार? "आणखी सा म्हयने असंच गेलं," ती मला म्हणाली, "तर मिशन यील पर शिवायला कुनी येनार न्हाई."

पावसाळ्यात तिनं मुद्देमालाच्या कारकुनाला गाठलं. हा म्हातारा, कानामागं पेन अडकवलेला.

"आवं साहेब, मिशनला तेल घालू द्या की. गंजंल."

"मुद्देमालाला हात लावता येत नाही, बाई."

"मी लावत न्हाई. तुमी घाला." आणि पिशवीतून तेलाची कुपी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

तो तिच्याकडं बघत राहिला. "कुठं कुठं घालायचं ते तरी सांग."

तिनं दाराबाहेर उभं राहून, बोटानं दाखवत, सात जागा सांगितल्या. तो आत वाकून एकेका भोकात थेंब सोडत होता आणि ती बाहेरून म्हणत होती, "आणखी जरा डावीकडं. व्हय. तितंच." मी लांब उभा होतो. मला त्यातली एकही जागा ठाऊक नव्हती.

शेवटी माझ्या साक्षीची तारीख लागली. आमचे वकील आदल्या तारखेला म्हणाले होते, "सगळं जावयाच्या नावानं पुकारायची रीतच आहे, असं सांगा. मग तुमच्या लिहिण्याला काही अर्थ उरत नाही." मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि तसं सांगितलं.

समोरचे वकील सांगलीचे, वयस्कर, आवाज मऊ. त्यांनी ती नक्कल माझ्या हातात दिली.

"गुरुजी, वाचा जरा."

मी वाचायला लागलो. हंडा, मुलीस. घागर, मुलीस. ताटं बारा, मुलीस. शिलाई मशीन एक, जावईबापूंस.

"रीत सगळं जावयाला द्यायची. मग हंडा मुलीला कसा?"

माझ्या हातातल्या नकलेवर त्यांनी बोट ठेवलं.

"म्हणजे फरक तुम्हाला कळत होता. मुलीस म्हणजे काय, जावयास म्हणजे काय. तुम्ही पदवीधर आहात ना? खाली लिहिलंय इथं."

मागं कुणीतरी हसलं. मला माझा सगळा मांडव आठवला. आता म्हणायचं काय? कळत होतं म्हणावं, तर मशीन गेली. कळत नव्हतं म्हणावं, तर ज्या शिक्षणासाठी आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलं, त्याला मी सगळ्यांसमोर काडी लावली. बाकावर आक्का बसली होती. तिचा पाय हलत होता.

मी म्हणालो, "कळत होतं. पण त्या दिवशी मी अर्थ बघितला नाही. आवाज बघितला."

"म्हणजे?"

"आईनं सांगितलं होतं, आक्काची मशीन तिच्याबरोबर चालली आहे, असं सांग. मला ते साधं वाटलं. पलीकडचा माणूस माझ्यापेक्षा भारी बोलला होता. म्हणून मी जावईबापूंस म्हणालो. मी मिरवलो. मशीन वडिलांनी तिला लग्नाआधी दिली होती. ती माझी नव्हती. मला ती कुणालाही द्यायचा अधिकार नव्हता."

"आणि हे बी.ए.?"

"तेव्हा झालो नव्हतो."

आता सगळेच हसले. साहेबांनी वर बघितलं आणि हसू थांबलं. त्यांनी आक्काला पुढं बोलावलं. तिची साक्ष आधीच झालेली होती. तरी त्यांनी तिला परत पिंजऱ्यात उभी केली आणि एकच विचारलं, "भावानं पुकारलं तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाही. तुम्हाला मान्य होतं का?"

आक्का म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई, साहेब. त्यानंबी न्हाई, आन् ह्यांनीबी न्हाई." 'ह्यांनी' म्हणताना तिनं दाजींकडं हात केला, आणि 'त्यानं' म्हणताना माझ्याकडं.

निकालात साहेबांनी बरंच लिहिलं. मला समजलं ते एवढं, की वस्तू जिची तिनं दिल्याशिवाय ती दुसऱ्याची होत नाही, मग भोंगा कितीही मोठा असो. भोंग्याचं मी म्हणतोय, त्यांनी तसं लिहिलं नव्हतं. मशीन आक्काच्या ताब्यात द्यावी, असा हुकूम झाला.

मुद्देमालाच्या खोलीपाशी कारकुनानं ताबेपावतीचा कागद पुढं केला. सवयीनं मी खिशाचं पेन काढलं आणि टेबलाशी वाकलो. आक्कानं माझा हात बाजूला केला.

"दे हिकडं. तू लिवलंस की दुसऱ्याचंच नाव पडतंय."

कारकून मिशीत हसला. मला झोंबलं, पण मी पेन दिलं. तिनं उभ्यानं, एकेक अक्षर जोडत, आधी आपलं नाव लिहिलं. मग जरा थांबली. पुढं नवऱ्याचं लिहायचं की बापाचं, याचा विचार करत असावी. बापाचं लिहिलं. त्याला बराच वेळ लागला आणि मागच्या माणसानं दोनदा खाकरून दाखवलं. ती हलली नाही.

मशीनचा पट्टा वाळून तुटला होता, सुई नव्हती. एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टर ओरडला, "लगेज कुणाचं हाय?" मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

"माजं," आक्का म्हणाली आणि पुढं जाऊन बसली.

मशीन घरी आल्यावर लगेच बायका आल्या असं झालं नाही. दिवाळीपर्यंत चार-दोनच आल्या. आक्का तरी रोज सकाळी बसायची, काही नसलं तर जुनी धोतरं फाडून पिशव्या शिवायची. मी सुट्टीला गेलो की आवाज ऐकत पडून राहायचो, आणि थांबला की उठून बघायचो, का थांबला म्हणून. बहुतेक वेळा दोरा तुटलेला असायचा.

पुढं गावात कितीतरी लग्नं झाली. भाऊबंद माईक घेऊन माझ्याकडं यायचे, मास्तर, पुकारा की. मी वही घ्यायचो. मग मांडवातून वाट काढत आधी नवरीपाशी जायचो आणि तिला एकेक वस्तू वाचून दाखवायचो. पोरी लाजून काही बोलायच्या नाहीत. मी उभाच राहायचो. मागं भोंगा खरखरत असायचा, म्हातारी माणसं वैतागायची, "आवं मास्तर, उरका की." तरी ती मान हलवीपर्यंत मी माईकला तोंड लावायचो नाही.

हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा आक्का बायकांच्यात बसली होती. तिनं बघितलं. जेवायला बसल्यावर माझ्या ताटात वाढता वाढता बोलली, "आता झालास खरा बी.ए."