बाबांनी कसलेलं हँडल

आमच्या घरात कोणी हळू बोलत नाही. बाबांची सारी नोकरी रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून गेली, अन् मिलनं पेन्शनसोबत त्यांले बहिरेपणही दिलं. कानाची मशीन लावली का शिट्टी वाजते म्हणून ती कपाटात पडलेली. जुनवानीच्या आमच्या घरचा टीव्ही साऱ्या गल्लीले ऐकू जाते, अन् चहा झाला हेही मी भांडल्यासारखं सांगते. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडायचं, घरी येऊन बापावर ओरडायचं. आई होती तोवर हे काम वाटून घेतलेलं होतं, आता मी एकटीच. तू झोपेतही ओरडतेस, असं शेजारीण सांगते.

म्हणून मले रविवार पाहिजे होता. राजहऱ्याकडच्या लाल मातीच्या डोंगरात आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप जाते. सायकली पिकअपमध्ये टाकायच्या, पहाटेच निघायचं, अन् मग चढावर फक्त आपला श्वास. तिथं मले कोणाले काही सांगावं लागत नसे. तेवढ्या एका सकाळच्या भरवशावर मी उरलेला आठवडा ढकलायची. लोक म्हणत, चाळिशी उलटलेल्या मास्तरणीले हा काय शौक सुचला. कसला शौक घेऊन बसलात बावा! ती सकाळ नसती तर मी कधीचीच कामातून गेली असती.

अन् तीच सकाळ जायची वेळ आली होती. सायकल मी एका उंच माणसाकडून जुनी घेतलेली. ऑल-माउंटन म्हणतात तिले, चढायलेही बरी अन् दगडांवरून उतरायलेही. पण तिचं हँडल दोन्ही टोकांनी चांगलं वर उचललेलं, अन् मी पडली बुटकी. चढावर माहं सारं वजन मागं जाई, पुढचं चाक उचललं जाई अन् सायकल वाट सोडून भलतीकडं वळे. हँडलखालच्या रिंगा काढून झाल्या, सीट पुढं सरकवून झाली, फरक शून्य. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मनगट सुजलं. मग ग्रुपच्या म्होरक्यानं साफ सांगितलं, आधी हँडलचं काही करा, तोवर डोंगरावर येऊ नका, तुम्हाले उचलून खाली आणायची हिंमत आमच्यात नाही. हिंदीत, दीदी-दीदी करत, हात जोडून बोलला. त्याचाच मले जास्त राग आला.

मी हँडलच्या मागं हात धुऊन लागली. लो-राइज पाहिजे हे कळलं होतं, म्हणजे ज्याची टोकं जेमतेम बोटभर वर असतात. एकदम सपाट घ्यावं तर उतारावर माणूस तोंडावर जाते. बोटभर म्हणजे तरी किती, रुंदी किती, टोकं मागं किती वळलेली, पोळ्या लाटतानाही माह्या डोक्यात हेच. शेवटी झाडूचा दांडा सुतळीनं सायकलले बांधला, भिंतीचा टेका घेऊन वर बसली, अन् दांडा खालीवर करत पाहत राहिली. शेजारीण फाटकातून पाहून निघून गेली.

उंची ठरली तर धातूवर गाडी अडली. बाबांचं म्हणणं, कॅम्प-१ मध्ये ओळखीचा वेल्डिंगवाला आहे, लोखंडी पाइप वाकवून आणू, जन्मभर पाहायले नको. आमच्या घरातला पलंग, झुला, तुळशीचं स्टँड, सारं असंच बनलेलं, जागचं हलवायचं म्हटलं तर माणसं बोलवावी लागतात. मी नाही म्हटलं. माही बोटं बधिर होऊन राहिली होती, शाळेत हातातला खडू गळायचा. कार्बन-फायबरचं हँडल दगडांचे हादरे हातापर्यंत कमी येऊ देते, हे मी ज्याले त्याले विचारून पक्कं केलं होतं. अॅल्युमिनियमचंही चाललं असतं. पण नुसतं चालणारं मले आता नको होतं.

कुरिअरनं हँडल आलं तेव्हा बाबांनी ते तळहातावर तोललं अन् म्हणाले, हा तर पापड आहे. मग सवयीनं अंगठ्याचं नख त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मिलमध्ये भेग शोधायची त्यांची हीच रीत होती. घरात नवा कप आला तरी आधी त्यावरून नख फिरते. भेग निघाली का ती वस्तू जागच्या जागी कापायची, हा त्यांचा दुसरा नियम. क्रेनचा पट्टा खराब निघाला तर नुसता बाजूले ठेवायचा नाही, त्याचे दोन तुकडे करायचे, नाहीतर घाईतला कोणीतरी तोच उचलून लावते. लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलेलं, का मी आता ऐकतच नव्हती.

हँडल मी नुसतं हलकं बसवून ठेवलं. कार्बनले किती कसायचं याचं माप असते, त्याच्यावर गेलं का ते तडकते. त्या मापानं बोल्ट कसायची चावी सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या सायकलवाल्याकडं होती, जोर पुरेसा झाला का ती बारीक आवाज देते. शनिवारी सायकल तिथं न्यायची अन् रविवारी डोंगर, असं ठरवलं. बाबांलेही सांगितलं, ओरडूनच. त्यांनी मान हलवली. पण ते साऱ्यालेच मान हलवतात.

शुक्रवारी शाळेतून आली तर बाबा अंगणात सायकलसमोर उकिडवे बसलेले. घरच्या साध्या चावीवर त्यांनी हातभर पाइप चढवला होता, मिलमधले जाम बोल्ट फिरवायले चढवत तसा. मी फाटकातूनच थांबा म्हणून ओरडली. त्यांनी अंग टाकून एक शेवटचा हिसका दिला, अन् अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. मी तो फाटकात उभी राहून ऐकला. त्यांनी नाही ऐकला.

"आता नाही हालत," मले पाहून ते म्हणाले. "आता जाय कुठंही."

रिटायर झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. छान झालं, असं मी मोठ्यानं सांगितलं, स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला, अन् त्याच्या शिट्ट्यांमध्ये मनसोक्त रडली. नवं मागवलं तर यायले किती दिवस लागतील कोण जाणे, अन् आणखी एक रविवार घरात काढायची माही ताकद नव्हती. मले वेड लागायचंच बाकी होतं. मग मी बाहेर गेली. भेग केसाएवढी, बोल्टच्या लगतच. तिच्यावर मी काळी टेप गुंडाळली. हळू उतरेन, उड्या घेणार नाही, एका दिवसानं काय होते, असं मनाले समजावत राहिली.

शनिवारी सकाळी करवतीचा आवाज आला. धावत अंगणात गेली तर टेप सोललेली पडली होती, अन् बाबा माह्याकडं पाठ करून हँडल कापून राहिले होते. फरशीवर काळा भुगा पडत होता. मी बाबा-बाबा करून जीव तोडून ओरडली, खांदा धरून हलवला. करवत थांबली नाही. दोन तुकडे झाले तेव्हाच त्यांनी वळून पाहिलं.

"उद्या तू हेच घेऊन गेली असती," ते म्हणाले. मग करवत खाली ठेवून, "काल तुले आवाज आला होता ना?"

मी मान हलवली. बाबांनी ते तुकडे पिशवीत टाकले अन् ऑटोनं निघून गेले. कुठं जाता म्हणून विचारायचंही सुचलं नाही. दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलं अन् रविवार गेला म्हणून बसून राहिली. माह्या बापावर इतका राग अन् इतकी कीव मले एका वेळी कधीच आली नव्हती.

दिवे लागायच्या सुमारास ते आले. पिशवीत अॅल्युमिनियमचं हँडल होतं, तितकंच बोटभर उचललेलं. सायकलवाल्याले तुकडे दाखवून, तेच माप पाहिजे म्हणून हट्ट करून, दुकानातल्या सायकलचं काढून आणलेलं. मापाची चावीही मागून आणली होती.

हँडल त्यांनी बसवलं, बोल्ट हातानंच फिरवून घेतले. मग चावी काढली, बोल्टवर ठेवली, अन् तशीच धरून राहिले. मी वाट पाहत होती. त्यांनी चावी माह्या हातात दिली.

"तू कस," ते म्हणाले. "तुले ऐकू येते."

मी कसलं. एकेका बोल्टले चावीनं तो बारीक आवाज दिला, अन् दर वेळी बाबांनी माह्या तोंडाकडं पाहिलं.