उतारा समजेपर्यंत

पुण्याहून निघालेली बस नगर ओलांडून पुढे आली आणि खिडकीबाहेरचा हिरवा रंग संपला. वाळूजच्या कारखान्यांनंतर दुतर्फा नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. त्यांच्या फलकांवर निळे पोहण्याचे तलाव रंगवलेले होते आणि खाली, त्यांच्याच सावलीत, बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. मी चिपळूणची. पाण्याची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. छत्रपती संभाजीनगर नंतर झाले.

मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. इथल्या एका महाविद्यालयातले मानसशास्त्राचे प्राध्यापक कुलकर्णी यांनी बोलावले होते. त्यांच्या एम.ए.च्या मुलांना समुपदेशनाच्या पुढच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेशपरीक्षा द्यायची होती. ती पूर्ण इंग्रजीत. "मुलं हुशार आहेत," ते म्हणाले, "पण वाक्यात अडकतात. पंधरा दिवसांत जमेल तेवढं करा."

वसतिगृहात पहिल्याच रात्री भाकरीबरोबर येसरची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पुडीची) वाढली. ती इतकी चवदार होती की मी दुसऱ्यांदा मागून घेतली. हात धुवायला मात्र एकच तांब्या मिळाला.

सकाळी वर्गात नैराश्य या आजारावरचा उतारा दिला. त्यात रुग्ण 'विथड्रॉन' आहे, असे वाक्य होते. अर्थ विचारला, तर सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. शेवटी वैशाली नावाची मुलगी उठली. कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली, भाऊ वाळूजच्या कारखान्यात.

"मॅडम, पेशंटनं बँकेतून पैसे काढले."

कोणी हसले नाही, कारण सगळ्यांनी तेच उत्तर वहीत लिहिले होते. एटीएमवर तो शब्द त्यांनी पाहिला होता. मी समजावले, की इथे त्याचा अर्थ माणसांतून अंग काढून घेतलेला, आतल्या आत मिटलेला. वैशाली उभीच राहिली.

"म्हणजे माझ्या आईसारखं," ती म्हणाली. "मामा गेल्यावर ती दोन वर्षं कुणाशी बोललीच नाय. आम्ही देवऋषी केले, दर्ग्यात नेलं. तिला हेच झालं होतं, व्हय ना?"

तिला समुपदेशक का व्हायचे होते, ते मला तेव्हा कळले. त्यानंतर आम्ही रोज कर्ता शोधायचो, क्रियापद शोधायचो, लांब वाक्याचे तुकडे करायचो. कर्मणी प्रयोग आला की कोणी कोणाला काय केले, हे हरवून जायचे. डॉक्टर रुग्ण व्हायचा आणि रुग्ण डॉक्टर. एका पानाला अख्खी सकाळ जायची. संध्याकाळी खोलीत बसून मी उरलेली पाने मोजत राहायचे.

रविवारी मुलांनी मला वेरूळला नेले. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. तिथे एक ट्रक आडवा झाला आणि आमची जीप उन्हात तशीच तापत राहिली. लेण्यांत पोचलो तेव्हा गारवा मिळाला, म्हणून सगळे तीन ताल या तीन मजली लेण्याच्या अंधाऱ्या जिन्याने वर चढलो.

वरच्या मजल्यावर एक परदेशी बाई खांबाला टेकून बसली होती. छातीवर हात, श्वास तुटक, डोळ्यांत भीती. तिचा नवरा गोंधळून उभा होता. आम्ही काही करण्याआधीच वैशाली तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिचे हात हातात घेतले आणि स्वतः सावकाश श्वास घेऊ, सोडू लागली. बाई तिच्याकडे पाहत राहिली. हळूहळू दोघींचा श्वास एका लयीत आला.

मग नवऱ्याने भरभर काही विचारले. वैशालीने मान वर केली. ओठ हलले, पण शब्द निघेना. मी पुढे सरकले, तोवर एक गाइड गर्दीतून घुसला.

"चल बाजूला हो. इंग्लिश येतं का तुला?"

त्याने वैशालीला खांद्याने ढकलले, बाईच्या तोंडावर पाणी मारले आणि "हीट, हीट, नो प्रॉब्लेम" म्हणत तिला उठवू लागला. भोवती माणसे जमली. बाई किंचाळली. मी गर्दी हटवून नवऱ्याला सगळे समजावले खरे, पण बाई पुन्हा वैशालीकडे पाहीना. कोणाच्याच डोळ्यांत पाहीना.

येताना जीपमध्ये वैशाली एवढेच म्हणाली, "मला समजलं होतं मॅडम, तिला काय व्हायलंय ते. ऊन नव्हतं लागलं, जीव घाबरला होता. सांगताच नाय आलं."

पुढचे दोन दिवस वर्गात तिने तोंड उघडले नाही. तिसऱ्या दिवशी वसतिगृहाची विहीर आटली, टँकरही आला नाही, आणि मुलांना घरी पाठवायचे ठरले. पंधरा दिवसांचा वर्ग निम्म्यावरच मोडला. कुलकर्णी सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाणीच नाही, तर व्याकरण कुठून आणू?"

बसस्थानकावर वैशाली सोडायला आली. तिच्या पिशवीत उताऱ्यांची पाने होती.

"परीक्षेला बसशील ना?"

"बसते की. पण उतारा समजेपर्यंत वेळ संपून जातो."

झाले तसेच. मी चिपळूणला परतल्यावर काही आठवड्यांनी निकाल लागला. वर्गातल्या एकालाही मुलाखतीचे बोलावणे आले नाही. मी वैशालीला फोन केला. ती भावाकडे वाळूजला होती, पॅकिंगच्या कामाला लागली होती.

"मॅडम, एक खरं सांगा," ती म्हणाली. "तो वर्ग पुरा झाला असता, तर जमलं असतं का?"

हो म्हणावेसे फार वाटले. पण तिने खरे सांगा म्हटले होते.

"नाही गं. पंधरा दिवसांनी भागणार नव्हतं. हे तुला पाचवीपासून कोणीतरी नीट शिकवायला हवं होतं."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"व्हय?" ती म्हणाली. "मग बरं. मला वाटू राहिलं होतं, मीच कमी पडले."