मायचा फोटो, घरातल्या उजेडात

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा धड असा एकही फोटो नव्हता. आधारकार्डावरचा चेहरा घेऊन भाऊ स्टुडिओत गेला आणि फ्रेम करून घेऊन आला. आमच्याकडे गेलेल्या माणसाला स्टुडिओवाले कोट-टाय घालतात, मागे निळा पडदा लावतात आणि वरून गोरंही करून देतात. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. बांबूच्या कामावर उन्हात रापलेला काळा कुळकुळीत माणूस, आणि फ्रेममध्ये पिठात बुडवून काढल्यासारखा. मायने बघितलं आणि भावाला म्हणाली, "हा कोन मानूस उचलून आनला रे?" आम्ही हसलो. ती हसली नाही.

गेल्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिने मला हुकूमच सोडला. "माहा फोटो आताच काढून ठेव. मले दाखव. मी हो म्हनीन, तोच लावजो." मी म्हटलं, असं काय बोलतेस. "काऊन? मी काय मरनार नाई का?"

मी चंद्रपूरला नोकरी करते. माय आणि भाऊ ताडोबाच्या जंगलाला लागून, मोहर्लीजवळच्या गावात. फोटो काढणं म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटलं होतं. पण ऑपरेशननंतर तिला ऊन सोसेना. अंगणात बसवली की डोळे मिटायची, पाणी गळायचं. फ्लॅश उडायच्या आधीच पापण्या खाली. राहता राहिलं घर. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, एक खिडकी आणि तिच्यापुढे सीताफळाचं झाड. मोबाइलने काढला तर मोबाइल आपलं शहाणपण चालवायचा. सुरकुत्या पुसल्या, रंग उजळला, अंधाराचा दिवस केला. माय म्हणाली, "हे टीव्हीवाली कोन आहे?" मग माझं डोकंच फिरलं. एका बाईला तिचा स्वतःचा चेहरा मिळू नये, म्हणजे काय चेष्टा आहे?

भाऊ सफारीची जिप्सी चालवतो. त्याच्याकडे लांब झूमचा कॅमेरा आहे आणि त्याचा त्याला भारी तोरा. "माहा घेऊन पाह्य ना, यानं नाल्यापल्याडचा वाघ येते." तो माझ्या हातात देऊन त्याने मला पार अंगणाच्या टोकाला उभं केलं. तिथून दारातून आत झूम कर म्हणे. आमच्याकडे ही खोडच आहे, कॅमेरा हातात आला की माणूस आधी चार पावलं मागे सरकतो. मीही मुकाट्याने सरकले. माय घरात खाटेवर, मी कुंपणाला टेकलेली. फोटोत एक करडा डाग आला, हललेला. "ते का पानवठ्यावरची वाघीन आहे का बे?" मी भावावर खेकसले. आतून मायचा आवाज आला, "झाला का? मी उठू का?"

मग मी नादालाच लागले. वाचलं, लोकांना विचारलं. तेव्हा कळलं की झूम लांबवला की बहुतेक लहान कॅमेऱ्यांत उजेड आत यायचं भोक बारीक होतं. म्हणजे आम्ही अंधारात उभे राहून खिडकी लावून घेत होतो. मला हवा होता उलटा कॅमेरा. झूम नसला तरी चालेल, पण भोक मोठं, आतला सेन्सर मोठा, आणि मायच्या गुडघ्याला गुडघा लावून बसता येईल इतका लहान.

चंद्रपूरच्या दुकानात शिरले, तर मी तोंड उघडायच्या आधीच दुकानदाराने झूमवाले मांडले. "ताडोबासाठी ना, मॅडम?"

"नाई हो भाऊ, मले वाघ नाई काढाचा. माय काढाची आहे."

मी म्हटलं, दुकानातले लाइट बंद करा, शटर अर्धं ओढा. त्याला वाटलं असेल, ही बाई लुटायलाच आली आहे. पण भला माणूस, केलं त्याने. एकेका लहान कॅमेऱ्याने मी त्याचाच फोटो काढला, फ्लॅश बंद ठेवून, आणि पडद्यावर मोठा करून त्याच्या भुवया बघितल्या. एकात भुवया विरघळून गेल्या होत्या. दुसऱ्यात तो एकदम नवरदेव. "पाहा, स्किन किती स्मूद येते," तो खूश होऊन म्हणाला. मी तो बाजूला सारला. तिसऱ्यात रवा सांडल्यासारखे दाणे आले होते, पण दाण्यांच्या मागे भुवया होत्या, गालावरचा देवीचा वण होता, तो होता. त्याला मात्र तो फोटो अजिबात आवडला नाही. मी तोच कॅमेरा घेतला.

गावी गेले तेव्हा दिवस कलला होता. माय बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना करून उठली आणि तिथेच सतरंजीवर टेकली. मी समोर बसले, अगदी जवळ. हात हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. ती म्हणाली, "कुठी पाहू?" मी म्हटलं, माझ्याकडे. तिने बघितलं. पापणी मिटली नाही.

पडद्यावर तिने तो फोटो खूप वेळ बघितला. मी बाजूला बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. कपाळावरच्या आठ्या, गोंदण, एका डोळ्याचा किंचित निळसरपणा, सगळं होतं. "इतकी म्हातारी झालो मी?" ती म्हणाली. "मले सांगाचं तरी होतं." मग बोटाने पडदा पुसत म्हणाली, "हो. हे मीच आहो."

मी तो मोठा करून, फ्रेम करून आणला आणि कपाटात ठेवायला निघाले, तर माय म्हणाली, "तिथी कायले? भिंतीवर लाव, तुह्या बाबाच्या बाजूले."

"माय, जित्या माणसाचा तिथं लावत नाहीत."

"आपल्या घरी शकुन-अपशकुन कवापासून आला वो?"

"मला नाही बघवणार," मी सरळ सांगून टाकलं.

तिने माझा हात धरला. "म्हनूनच म्हनतो ना. आता लाव. मी इथी बसली आहो तवा पाहून घे रोज. मंग मी नसन, तुले नवीन वाटनार नाई."

मी स्टुलावर चढले. डोळ्यांतून धारा लागलेल्या, खिळा दिसेना. खाली ती स्टूल घट्ट धरून उभी होती आणि मान वर करून सांगत होती, "जरा डावीकडं घे. आनखी जरा. हं, बस."