लोझानची एकशे दहा मिनिटं

माणूस कशाने मेला, हे तुमच्या गावात कोण लिहितं? दोल्ना रेकात कुणीच लिहीत नाही. शोकपत्रकावर फोटो, नाव, वय आणि खाली दुःखाच्या चार ओळी. चाळीस दिवसांनी नवं पान, सहा महिन्यांनी नवं, वर्षाने आणखी एक. दारावर, खांबावर, बसथांब्यावर. वाचणाऱ्याला वाटावं, इथली माणसं हौसेनेच मरतात.

रुमेना पेत्कोवाने बावीस वर्षं शिवणकारखान्यात शर्टांना कॉलर लावल्या. कारखाना बंद पडला तशी तिने संस्था काढली. शिक्षण आठवी, जीभ वकिलाची. काम एकच : गावातून उचलून चाळीस किलोमीटरवरच्या शहरात नेलेली रुग्णवाहिका परत आणायची. दोन वर्षं तिने फलकांवर आकडे छापले, टक्के छापले. नगरपालिकेच्या सभेला अकरा माणसं आली. त्यातली दोन ऊब घ्यायला.

मग राजधानीतून, सोफियाहून, दिलियाना नावाची पोरगी आली, संस्थांनी लोकांशी कसं बोलावं ते शिकवायला.

"रुमेनाताई, मरण दाखवू नका. हसरे चेहरे दाखवा. लोकांना आशा लागते."

"आशा चाळीस किलोमीटरवर उभी आहे, बाई. डिझेल नाही म्हणतात तिच्यात."

दिलियाना हसली नाही. "बरं. पण टक्क्यांसाठी कुणी रडत नाही. एक माणूस सांगा."

रुमेनाला हे झोंबलं, कारण खरं होतं. पोरीला सोडायला ती बसथांब्यावर गेली, तर दोन म्हाताऱ्या एक शोकपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होत्या. शेजारीच रुमेनाचा फलक. त्याच्याकडे एकीनेही मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात इटलीहून नेवेनाचा फोन आला. नेवेना म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. तिथे एका म्हातारीची सेवा करते.

"रुमे, शनिवारी लोझानला जाऊन सहा महिने होतात. म्हातारी मला सोडत नाही गं. माझ्या वतीने तूच त्याच्या नावाने वाटायचा गहू शिजव, दारावर-खांबावर त्याचं पान लाव."

"लावते. तू काळजी करू नकोस."

नेवेनाचा नवरा लोझान गेला तेव्हा त्याचा हात रुमेनाच्या हातात होता. आणि नेवेनाला तिनेच सांगितलं होतं, "झोपेत गेला गं. त्याला कळलंसुद्धा नाही."

आता तिने पान लिहिलं. *लोझान व्हेलेव, वय ५८. पहाटे चार पन्नासला छातीत कळ आली. रुग्णवाहिका सहा चाळीसला आली. एकशे दहा मिनिटं तो शुद्धीवर होता.* खाली मंगळवारच्या सभेची वेळ. कवितेची ओळ नाही. नेवेना इटलीत आहे, तिला कुठे दिसणार, असा तिने मनाशी हिशेब केला. नेवेना येईल तेव्हा गाडी आलेली असेल, मग समजावू.

बुधवारी साठ पानं लागली. दुपारपर्यंत बेकरीत रांगेतली बाई बोलली, "आमच्या आईला दोन तास लागले होते. आम्ही कुणाला बोललोच नाही." तिच्या मागचा माणूस म्हणाला, "माझ्या भावाला तर आलीच नाही." दोन वर्षांत पहिल्यांदा गाव बोलत होतं. रुमेनाची छाती अभिमानाने फुगली.

शुक्रवारी दुपारच्या बसने नेवेना उतरली. म्हातारीच्या मुलाने ऐनवेळी सुट्टी दिली होती. कुणीतरी धावत येऊन रुमेनाला सांगितलं. ती थांब्यावर पोचली तेव्हा नेवेना खांबासमोर उभी होती. बॅग अजून हातातच.

"झोपेत म्हणाली होतीस."

"नेवे, तुला त्रास नको म्हणून—"

"एकशे दहा मिनिटं. काय बोलत होता?"

रुमेनाने खोटं बोलायचा विचार केला. जमलं नाही. "तुला फोन करू नको म्हणत होता. परदेशात एकटी आहे, घाबरेल."

"आणि तू ऐकलंस?"

"हो."

"फोन कुठे होता?"

"माझ्या हातात."

नेवेनाने मान हलवली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. भांडायला रुमेना कधीच कमी पडली नव्हती. "मला त्याचा आवाज ऐकता आला असता," नेवेना म्हणाली. "मी त्याच्याशी बोलले असते. खांबावरचं राहू दे. लोकांच्या कामाचं आहे. माझ्या दारावरचं मी काढते."

शनिवारी तिने स्वतः गहू शिजवला, वर साखर, अक्रोड. घरोघर वाटला. रुमेनाच्या फाटकासमोरून ती ताट घेऊन पुढे गेली.

मंगळवारी तीनशे माणसं आली, जिन्यापर्यंत. नगराध्यक्षाला घाम फुटला. पहिल्या तारखेपासून गाडी मिळेल म्हणाला, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. टाळ्या पडल्या. रुमेनाने टाळी वाजवली नाही. पहाटेचे चार पन्नास त्यात बसत नव्हते. मागच्या रांगेत काळा रुमाल बांधून बसलेली नेवेना उठली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. बुधवारी ती इटलीला परतली. रुमेनाचे फोन ती अजून उचलत नाही.

संस्था चालवणाऱ्यांनो, एक माणूस सांगा, असं तुम्हालाही कुणीतरी शिकवेल. ते खरंच आहे. टक्क्यांसाठी कुणी जिना चढत नाही. पण कागद छापायला देण्याआधी त्या माणसाच्या घरी जा. घरची माणसं लांब असतील तर ती येईपर्यंत थांबा. जे छापणार आहात ते आधी त्यांच्यासमोर बसून तोंडाने सांगा. आणि ती नको म्हणाली, तर तो कागद तिथेच, त्यांच्या देखत फाडा.