बसस्टॉपवर दाखवलेलं बोट

हे आईला ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

मी माजरीचा. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. आमच्या ओळीत पगडीवाल्यांचं घर एकच. पण शाळा मराठी, शिव्यासुद्धा मराठी. शेजारी सलीम. त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. मला कोणी पगडीवरून चिडवलं की आधी सलीम भिडायचा, मग मी. दरवेळी असंच.

पुढे दोघंही कॅनडाला गेलो. एकाच गोदामात काम, एकाच खोलीत राहणं. त्या अख्ख्या शहरात माझ्याशी आमच्या बोलीत बोलणारा तो एकटा.

तिथं लोक मला मुसलमान समजायचे. दाढी, पगडी — त्यांना कुठला फरक कळणार? गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. सलीमला दाढी नव्हती, डोक्यावर लोकरी टोपी. त्याच्याकडे कोणी बघायचंही नाही. तो हसायचा, "मुसलमान मी, अन् शिव्या तुले! काऊन रे?"

मीही हसायचो. पण आत काहीतरी कुजत होतं — ह्याच्या वाटचं मी का सोसायचं?

एका दुपारी आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. त्या आठवड्यात कुठंतरी बॉम्ब फुटला होता. तीन माणसं आली. एकानं माझ्या पगडीला हात घातला, अतिरेकी म्हणाला. सलीमनं त्याचा हात धरला. नेहमीसारखाच मध्ये पडला.

आणि मी — सांगतो, थांबा —

मी म्हणालो, "मी मुसलमान नाही. मुसलमान हा आहे."

बोटही दाखवलं.

सलीमनं वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणूनच पहिला ठोसा त्याला दिसला नाही. कानावर बसला. तेवढ्यात बस आली. मी काय केलं असेल? चढलो. काचेतून तो बर्फात पडलेला दिसला, मग मी मान फिरवली.

त्याचा एक कान कायमचा गेला. घरी त्यानं कळवलं — बर्फावर घसरलो. मला एका शब्दानं बोलला नाही. सामान उचललं आणि दुसरीकडे राहायला गेला. त्या रविवारी मी गुरुद्वाऱ्यात सांगितलं, माझ्या पगडीला कसा हात घातला आणि मी कसा डगमगलो नाही. लोकांनी पाठ थोपटली. सलीमचं नाव त्यात नव्हतंच.

वडील गेल्यावर मी माजरीला परतलो. परवाच्या ईदला सलीम आला होता, लेकीला घेऊन. अब्बांनी मला चहाला दुकानात बोलावून घेतलं. माझ्याकडे बघत पोरीनं विचारलं, "अब्बू, ये कौन हैं?"

"गाव के हैं," सलीम म्हणाला.

अब्बा खवळले. "गावचा काय म्हणतो रे? हा होता तिथं, म्हून तुले पाहाले कोणी तरी होतं!"

 सलीम माझ्याकडे बघत राहिला. मशीन थांबलं होतं. म्हाताराही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

मी म्हणालो, "चाय थंडी होऊन राह्यली, अब्बा."