बाबांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला

मंडळी, आज मला तुमच्याशी बोलायचंय, कारण घरात बोलता येत नाहीये.

माझ्या बाबांना लिम्फोमा आहे. चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले आणि लगेच हे निघालं. मागच्या वेळी अँटिबॉडीच्या औषधाने आजार हटला होता. ते औषध कॅन्सरच्या पेशींवरचा एक रेणू ओळखतं आणि त्या पेशी मारतं.

आता आजार उलटलाय. आज दुपारी डॉक्टर आम्हा दोघांना म्हणाले, "या पेशींवर तो रेणूच उरलेला नाही. निगेटिव्ह आलंय. ते औषध आता लागू पडणार नाही. कडक केमो यांच्या हृदयाला झेपणार नाही."

बाहेर आई थांबली होती. तिने रिपोर्ट घेतला, 'निगेटिव्ह' वाचलं आणि रडायलाच लागली. लगेच रहाटणीच्या मावशीला फोन. "निगेटिव्ह आलं गं! सुटलो एकदाचे!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबला. "आज नको, पोरी. जेवू दे तिला नीट."

आत्ता ती शेजारी पेढे वाटतेय. बाबांनीही एक खाल्ला.

तुमच्यापैकी कुणी आपल्या आईला असं काही सांगितलंय का? सुरुवात कशी केली होती?