दाराआडची इंग्रजी

शिपाई तार घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला तेव्हा मी आठवीच्या मुलींना इंग्रजी शिकवत होते. तार वाचली, घडी घातली आणि तास पुरा करून मगच बाहेर पडले. माझे सासरे, आबा, धुळ्याला वारले होते. मुलींसमोर रडायची लाज वाटली एवढंच खरं. जळगावहून दुपारची मोटार धरून आम्ही दोघं नवरा-बायको धुळ्यातल्या देवपुरात पोचलो, तोवर पांझरा नदीकाठी सगळं उरकलं होतं. ओटीवर त्यांचा फोटो ठेवला होता, त्याला हार घातला होता. मी वाकून नमस्कार केला, मान वर केली आणि तशीच बघत राहिले. आबांच्या डाव्या भुवईखाली एक जुनी खोक होती. इतकी वर्षं मी त्या घरची सून, त्यांच्याकडून इंग्रजी शिकून मास्तरीण झालेली, आणि ती खोक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली... कारण आबांचा चेहरा मी कधी समोरून पाहिलाच नव्हता.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन देवपुरात आले. माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं. आमच्याकडची बोली वेगळी, इथली वेगळी. मी तोंड उघडलं की जावा-नणंदा पदरात हसायच्या, म्हणून मी तोंडच कमी उघडत असे. सासऱ्यांपुढे तर प्रश्नच नव्हता. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, ओटीवर आबा असले की सून आतल्या खोलीच्या दाराआड. चहा झाला की दाराची कडी वाजवायची, कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागे सरकायचं. काही सांगायचंच असलं तर ते सासूबाईंमार्फत. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्याही आबांशी चारचौघांत बोलत नसत. आबा शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घरात त्यांना बोलायला कोणी नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. माझे यजमान जिनिंग फॅक्टरीत कारकून, ते जळगावला. रविवारी आले तर आले.

एकदा अक्का दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. आबांना चष्मा सापडेना. शाळेची वेळ झालेली, ते ओटीवर येरझारा घालत स्वतःशीच इंग्रजीत पुटपुटत होते. चष्मा कुठे आहे ते मला दाराच्या फटीतून दिसत होतं. कडी वाजवून काय सांगणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑन द शेल्फ." भावाच्या पुस्तकातून शिकलेली तेवढीच माझी पुंजी. बाहेरच्या येरझारा थांबल्या. सासऱ्यांपुढे आवाज काढला, आता माहेरी पाठवतात की काय असं वाटलं. मग आबांचा आवाज आला, वर्गात विचारावं तसा: "ऑन द शेल्फ? राइट ॲट द एंड, ऑर जस्ट बिहाइंड द क्लॉक?" ते थांबले. घंटा व्हायची वेळ झालेला माणूस, पण थांबले. शेवटी मी म्हटलं, "बिहाइंड द क्लॉक." "जस्ट बिहाइंड," आबा म्हणाले, चष्मा उचलला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छत्री कुठे म्हणून इंग्रजीत विचारलं. ती त्यांच्या हातात होती, हे मला फटीतून दिसत होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुनेने सासऱ्याशी बोलू नये हा नियम आमच्या बोलीसाठी होता, इंग्रजीत कोणी बोलेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आबाही असे वागत की जणू काही घडतच नाहीये. तोंड रस्त्याकडे, हातात वर्तमानपत्र आणि प्रश्न हवेत. बादली कुठे? "बाय द वेल" म्हटलं तर त्यांचं समाधान व्हायचं नाही. "क्लोज बाय द वेल" म्हटलं की मान हलायची. मांजर "अंडर द कॉट" असून भागायचं नाही, ते "फार अंडर द कॉट" की "हाफवे अंडर", ते बघून सांगायचं. नदीपलीकडचं देऊळ "स्ट्रेट अक्रॉस द रिव्हर". दिवेलागणीला परत यायचं ते "वेल बिफोर डार्क". एकदा ते मुद्दाम रस्त्याकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, "पुस्तकातला माणूस म्हणतो, दारात. घरातला माणूस म्हणतो, ऐन दारात. पार कोपऱ्यात. थेट नदीवर. आपल्याकडे अडाणी बाईसुद्धा असंच बोलते. इंग्रजी बोलायला बसली की पोरं हे विसरतात... ज्यानं नीट पाहिलंय, तोच हा आधीचा शब्द लावतो." मी आत भाजी चिरत होते. हात थांबले होते.

असं बरीच वर्षं चाललं. मी बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरलं तेव्हा फॉर्मवर सही करून आबांनी तो उंबऱ्यावर ठेवला, वर पेपरवेट म्हणून अडकित्ता. मी पास झाले. आळीत पेढे वाटले, पण पेढ्यांबरोबर बोलणंही वाटलं गेलं. शेजारच्या काकूंनी नळावर अक्कांना ऐकवलं, "सासरा-सून मिळीसन तुन्याच गोष्टी करतस व्हई. तुले काय समजस?" अक्का घागर घेऊन आल्या आणि ती इतक्या जोरात ठेवली की अर्धं पाणी सांडलं. त्या दिवसापासून ओटीवर इंग्रजी सुरू झाली की आत भांडी वाजायची. आपल्याच घरात नवरा आणि सून दिवसाढवळ्या बोलतात, मधे मधे नवऱ्याला हसूही येतं, आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही, हे त्या बाईनं कसं सोसलं असेल... एकदाच त्यांनी मला विचारलं, "काय बोली राह्यनात तुम्ही?" मी म्हटलं, "अभ्यास, अक्का." खोटं नव्हतं ते. पण अक्का चुलीत लाकूड सारून फुंकर घालू लागल्या.

काकूंचं बोलणं आबांच्याही कानावर गेलं असावं. महिना-दोन महिने ओटी मुकी होती. आबा शाळेतून यायचे आणि खडूचे हात धुऊन पुन्हा बाहेर पडायचे, नदीवर जाऊन बसायचे. त्यांना लाज वाटत होती, आणि मला त्यांच्या लाजेची लाज वाटत होती. आपण ज्याला विद्या समजत होतो त्याचं लोकांनी काय करून टाकलं, असं मनात यायचं आणि राग यायचा. मग एका संध्याकाळी ओटीवरून हळूच आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक: "व्हेअर इज शी?" आबा अक्कांचं नाव कधी घेत नसत. कोणताच नवरा घेत नसे. मी आत पाहिलं आणि सांगितलं, "इन द किचन. राइट बाय द फायर." "गुड," आबा म्हणाले. गाडी पुन्हा रुळावर आली. तेवढा एक प्रश्न मात्र पुढे कधी चुकला नाही. बाकी काही विचारोत न विचारोत, घरात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा तेच. मला वाटायचं, अक्का जवळपास नाहीत ना, याची खात्री करून घेतात. मलाही तेच सोयीचं होतं.

पुढे मला जळगावच्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. सुट्टीत देवपुरात गेले की दाराआड उभी राहायचेच. वर्गात चाळीस मुलींसमोर घसा ताणून बोलणारी मी, घरी आल्यावर पुन्हा फटीतून. गेल्या दिवाळीत आबांना दिसणं फार कमी झालं होतं. दरवाजाचा अंदाज घेत हात पुढे करून चालायचे. तरी अक्कांबद्दलचा प्रश्न आलाच. त्या परसात तुळशीपाशी होत्या, तसं मी सांगितलं. आबा म्हणाले, "डझ शी लुक टायर्ड?" या प्रश्नात जागा नव्हती, दिशा नव्हती. मी त्या नजरेनं अक्कांकडे पाहिलंच नव्हतं. मी "नो" म्हणून टाकलं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. शाळेतल्या शोकसभेत आबांवर पुष्कळ लोक चांगलं बोलले. मी बायकांत मागे बसले होते, मला कोणी काही विचारलं नाही आणि तेच बरं वाटलं. घरी आल्यावर अक्का आणि मी तांदूळ निवडायला बसलो. उद्या आम्ही जळगावला परतणार होतो. अक्का खडे वेचत होत्या, मान खाली. तशाच म्हणाल्या, "एक इचारू का तुले? तुम्हना त्या बोलामा मन्हं नाव ये का कधी?"

मला ताटातले तांदूळ दिसेनात. "नाव नाही, अक्का," मी म्हटलं. "पण तुम्ही कुठे आहात ते विचारायचे. आल्या आल्या. रोज."

अक्कांचा हात थांबला. "रोज?"

"हो. गेल्या दिवाळीत विचारलं, तुम्ही थकलेल्या दिसता का म्हणून."

"मंग तू काय सांगं?"

मी खाली बघत सांगितलं. चुलीपाशी आहेत असं सांगायचे, विहिरीशी आहेत असं सांगायचे, आणि थकलेल्या दिसत नाहीत असं सांगितलं. अक्कांनी पदरानं डोळे पुसले.

"मी आठेच व्हतू ना, याच घरमा," त्या म्हणाल्या. "त्यास्नी माले का नही इचारं?"